छोट्या क्वेकर हायस्कूलचा अभ्यासक्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या एका छोट्या क्वेकर हायस्कूलमध्ये मी इतिहास शिकवते. नववी ते बारावी, सगळे मिळून शंभराच्या आत विद्यार्थी. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियातले मराठी पालक आणि अलीकडे थेट पुण्या-नाशिकहून लिहिणारे पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. या शाळा स्वतंत्र असतात, त्यामुळे क्रेडिटचे आकडे आणि अटी शाळेगणिक बदलतात. त्या तुमच्या शाळेकडून लेखी मागून घ्या.

१. क्वेकर म्हणजे नेमके कोण? ही मिशनरी शाळा असते का?

सतराव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्याभोवती उभा राहिलेला हा ख्रिस्ती पंथ. अधिकृत नाव ‘रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स’, म्हणून बहुतेक शाळांच्या नावात ‘फ्रेंड्स’ असतं. प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे आणि तो मध्यस्थाशिवाय जाणता येतो, ही त्यांची मूळ श्रद्धा. वर्गात पंधरा वर्षांच्या मुलाचं म्हणणंही शिक्षकाइतकंच कान देऊन ऐकायचं, ही रीत तिथूनच आली.

धर्मांतर हा या शाळांचा हेतू नसतो. जगात क्वेकर सुमारे चार लाख, त्यांतले सर्वाधिक आफ्रिकेत, त्यातही केनियात. अमेरिकेतल्या बहुतेक क्वेकर शाळांमध्ये क्वेकर घरांतली मुलं अल्पसंख्य असतात, आणि शिक्षकही सगळे क्वेकर नसतात. मीही नाही.

२. आम्ही हिंदू आहोत. धर्माचा विषय घ्यावाच लागतो का?

बहुतेक ठिकाणी एखादा कोर्स सक्तीचा असतो, बहुधा एका सत्राचा. त्यात क्वेकर इतिहास आणि विचार असतो, आणि अनेक शाळा त्याला जगातल्या धर्मांचा अभ्यास जोडतात. परीक्षा माहितीची आणि विचार मांडण्याची असते, श्रद्धेची नाही. घरी वारी, उपवास, गणपती पाहिलेलं मूल या वर्गात खूप काही देऊ शकतं, आणि शिक्षक ते आवर्जून मागतात. साप्ताहिक सभेची सक्ती मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी प्रश्न ४.

३. विषय कोणते असतात? सरकारी हायस्कूलपेक्षा यादी वेगळी असते का?

यादी फारशी वेगळी नसते. साधारणपणे इंग्रजी चार वर्षं, गणित तीन ते चार, प्रयोगशाळेसह विज्ञान तीन, इतिहास आणि समाजशास्त्र तीन, परभाषा दोन-तीन, कला एक-दोन वर्षं. त्यावर क्वेकर शाळांची खास भर असते: धर्मविचाराचा कोर्स (प्रश्न २), समाजसेवेचे तास, शाळेतलं काम (प्रश्न ११) आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प (प्रश्न १३). ऐच्छिक विषय मात्र कमी असतात. मोठ्या हायस्कूलच्या जाडजूड कोर्स कॅटलॉगशी तुलना करायला बसाल तर छोटी शाळा पहिल्याच पानावर हरते.

‘उपयोगी’ शिक्षणावरचा भर जुना आहे. १६६८ मध्ये फॉक्स यांनी लंडनजवळ वॉल्थमला मुलांची आणि शॅकलवेलला मुलींची शाळा काढण्याचा सल्ला दिला, तेव्हाच सृष्टीतल्या उपयोगी गोष्टी शिकवाव्यात असं त्यांनी सुचवलं होतं. मुलींच्या शाळेचा विचार त्या काळी मुलांच्या शाळेबरोबरीने झाला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

४. ‘मीटिंग फॉर वर्शिप’ हा तास आहे की प्रार्थना? त्याला क्रेडिट असतं का?

क्रेडिट नसतं, हजेरी असते. बहुतेक शाळांत आठवड्यातून एकदा, अर्धा ते पाऊण तास, सगळी शाळा एकत्र शांत बसते. मंत्र नाही, प्रवचन नाही, समोर कोणी बसलेलं नाही. कोणाला आतून काही बोलावंसं वाटलं तर तो उभा राहून थोडक्यात बोलतो. त्याला उत्तर द्यायचं नसतं, वाद घालायचा नसतो. पुन्हा शांतता. शेवटी शेजाऱ्याशी हस्तांदोलन करून सभा संपते.

मुलाने मनात काय करायचं, हे कोणी सांगत नाही. कोणी जप करतं, कोणी कवितेचा विचार करतं, नववीतली मुलं पहिले काही आठवडे चुळबुळत राहतात. मी या तासाला अभ्यासक्रमाचा गाभा मानते, कारण त्याचा परिणाम दुसऱ्या वर्गांत दिसतो. मी प्रश्न विचारल्यावर वर्गात वीस सेकंद कोणी बोललं नाही तरी कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. त्या वीस सेकंदांत सहसा न बोलणारी मुलगी हात वर करते.

५. वर्गात शिकवतात तरी कसं? पाठ्यपुस्तक असतं का?

गणित-विज्ञानात असतं. इतिहास-साहित्यात मूळ कागदपत्रं, पत्रं, पुस्तकं यांवर जास्त भर असतो. आठ-बारा मुलं एका टेबलाभोवती बसलेली असतात, त्यामुळे कोणी न वाचताच वर्गात आलं तर ते लपत नाही.

क्वेकर परंपरेत ‘क्वेरी’ नावाचा प्रकार आहे. एखादं मत सांगण्याऐवजी समूहापुढे प्रश्न ठेवायचा आणि त्यावर प्रत्येकाने स्वतःला तपासायचं. ही पद्धत वर्गात उतरते. अमेरिकन यादवी युद्ध शिकवताना तारखा आणि लढाया येतातच, पण घटकाच्या सुरुवातीला फळ्यावर असा प्रश्न असतो: हिंसेला विरोध असलेल्या माणसाने गुलामगिरी संपवणाऱ्या युद्धाकडे कसं पाहायचं? त्या काळच्या क्वेकर तरुणांपुढे हा खराखुरा पेच होता. काहींनी पंथाचा नियम मोडून बंदूक घेतली, काहींनी नाकारली. मुलांनी दोन्ही बाजूंचे कागद वाचून निबंध लिहायचा. निष्कर्ष कोणताही असो, पुरावा नीट मांडला आहे का आणि विरुद्ध बाजूचं सर्वांत बळकट म्हणणं विचारात घेतलं आहे का, ते आम्ही तपासतो.

महाराष्ट्रातून आलेल्या मुलांना पहिलं सत्र जड जातं. ‘उत्तरात काय अपेक्षित आहे ते सांगा’ असं ती विचारतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आजवर गुण त्याचेच मिळाले. दुसऱ्या सत्रात बहुतेकांचा सूर लागतो.

६. इतक्या छोट्या शाळेत गणित आणि विज्ञान पुरेसं होतं का?

या प्रश्नाचं उत्तर शाळेनुसार खरोखर बदलतं, तेव्हा इथे वेळ द्या.

अडचण हुशारीची नसते, संख्येची असते. अकरावीत कॅल्क्युलस घेऊ शकणारी दोनच मुलं असतील तर त्यांच्यासाठी वर्ग चालवायचा का, असा प्रश्न शाळेपुढे दरवर्षी येतो. चांगली शाळा काही ना काही मार्ग काढते: शिक्षकाबरोबर स्वतंत्र अभ्यास, जवळच्या कम्युनिटी कॉलेजात कोर्स, किंवा ऑनलाइन वर्ग. म्हणून ‘कॅल्क्युलस आहे का’ एवढंच विचारू नका. ‘नववीत जॉमेट्रीपासून सुरुवात करणाऱ्या मुलाची चार वर्षांची गणिताची वाट कागदावर लिहून द्या, आणि गेल्या तीन वर्षांत ती प्रत्यक्ष किती मुलांनी पूर्ण केली ते सांगा,’ असं विचारा. भौतिकशास्त्र दरवर्षी असतं की वर्षाआड, हेही विचारा. वर्षाआड असेल तर वेळापत्रक आधीपासून जुळवावं लागतं.

विज्ञानाशी क्वेकर शिक्षणाचं नातं मात्र जुनं आणि घट्ट आहे. धार्मिक अटींमुळे ऑक्सफर्ड-केंब्रिजचे दरवाजे इंग्लंडमधल्या क्वेकरांना दीर्घकाळ बंद होते. त्या अटी १८७१ च्या कायद्याने बहुतांशी गेल्या. ती दारं बंद असताना त्यांच्या शाळा निरीक्षण, वनस्पती, हवामान, रसायन यांकडे वळल्या. अणुसिद्धान्त मांडणारे जॉन डाल्टन तरुणपणी केंडलच्या क्वेकर शाळेत शिकवत होते. १९१९ च्या ग्रहणातून आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताला पुरावा देणारे आर्थर एडिंग्टन क्वेकर होते, आणि त्यांचे वडील केंडलच्या क्वेकर शाळेचेच मुख्याध्यापक होते. १९६७ मध्ये पल्सार शोधणाऱ्या जॉसेलिन बेल बर्नेल यॉर्कच्या ‘द माउंट’ या क्वेकर मुलींच्या शाळेत शिकल्या. त्याआधी अकराव्या वर्षीच्या निवड परीक्षेत त्या नापास झाल्या होत्या. हा इतिहास प्रत्येक शाळेच्या प्रयोगशाळेची हमी देत नाही. प्रयोगशाळा स्वतः पाहा.

७. आमच्या शाळेत एपी (हायस्कूलमध्येच घेता येणारे कॉलेज पातळीचे) कोर्स नाहीत. कॉलेज प्रवेशात मुलगी मागे पडेल का?

फक्त तेवढ्या कारणाने नाही. कॉलेजं अर्जासोबत ‘स्कूल प्रोफाइल’ मागवतात. त्यात शाळा काय शिकवते, काय शिकवत नाही ते लिहिलेलं असतं, आणि विद्यार्थ्याने उपलब्ध कोर्सपैकी कितपत अवघड घेतले ते त्या संदर्भात पाहिलं जातं. एपी न ठेवणं ही आता गरिबीची खूणही राहिलेली नाही: वॉशिंग्टनचं सिडवेल फ्रेंड्स आणि त्या परिसरातल्या आणखी सात खासगी शाळांनी २०१८ मध्ये जाहीर केलं की २०२२ पर्यंत आपण एपी कोर्स बंद करू. उलट पेनसिल्व्हेनियातल्या जॉर्ज स्कूलसारख्या मोठ्या क्वेकर शाळेत आयबी हा आंतरराष्ट्रीय डिप्लोमा आहे. क्वेकर असण्याचा आणि एपीचा थेट संबंध नाही.

तरी एपीची परीक्षा द्यायचीच असेल तर कोर्स न घेताही देता येते. बाहेरच्या विद्यार्थ्यांना बसू देणारी जवळची शाळा शोधून शरद ऋतूतच नाव नोंदवावं लागतं. परीक्षा मे महिन्यात असते. मार्चमध्ये जागे होणाऱ्या पालकांची मला दरवर्षी काळजी वाटते. भारतात परतायचं असेल तर एपीचं महत्त्व वाढू शकतं. पाहा प्रश्न १८.

८. रँक नाही, काही शाळांत तर ग्रेडही नाहीत. मुलाची प्रगती कशी कळणार?

वर्गात पहिला-दुसरा काढणं समतेच्या तत्त्वात बसत नाही, म्हणून रँक बहुतेक क्वेकर शाळांत नसतो. ग्रेडबाबत शाळा वेगवेगळ्या आहेत. बऱ्याच शाळा ग्रेड देतात आणि सोबत प्रत्येक विषयाचा लेखी अहवाल, काही शाळा फक्त अहवालावर चालतात.

हा अहवाल म्हणजे ‘चांगला विद्यार्थी, अजून मेहनत हवी’ अशी एक ओळ नसते. मी एका मुलामागे अर्धं पान लिहिते: निबंधात युक्तिवाद कुठे तुटतो, चर्चेत तो इतरांचं म्हणणं पुढे नेतो की फक्त आपलं सांगतो, मागच्या सत्रापासून काय बदललं. तो मुलासोबत बसून वाचा. आपल्याकडे प्रगतिपुस्तक उघडलं की नजर आधी टक्क्यांवर जाते. इथे परिच्छेदातल्या क्रियापदांकडे पाहा. ‘सुधारतो आहे’ आणि ‘टाळतो’ यांत फार अंतर आहे.

ग्रेडच नसतील तर खेळाडूंसाठी आणि शाळा बदलणाऱ्यांसाठी अडचणी येऊ शकतात. त्या प्रश्न १७ आणि १९ मध्ये आहेत.

९. मुलं शिक्षकांना नावाने हाक मारतात म्हणे. शिस्त कशी राहते?

हो, अनेक शाळांत मारतात, मुख्याध्यापकांनाही. पदव्या आणि मानाची संबोधनं न वापरणं ही क्वेकरांची सुरुवातीपासूनची रीत. न्यायाधीशापुढेही टोपी न काढल्याबद्दल त्यांनी तुरुंग भोगला. आमच्या शाळेतली मराठी मुलं पहिला महिनाभर मला नावाने हाक मारणं टाळून ‘एक्सक्यूज मी’वर भागवतात. मी त्यांना ‘ताई’ म्हणायची मोकळीक दिली आहे आणि आता दोन अमेरिकन मुलंही तसंच म्हणतात.

शिस्त असते, आणि ती सैल नसते. खोटं बोलणं आणि कॉपी फार गांभीर्याने घेतात, कारण सचोटी हे मूलतत्त्व आहे. क्वेकर कोर्टात शपथ घेत नाहीत ते याच कारणाने: शपथेवर खरं बोलायचं म्हणजे एरवी खोटं चालतं असा अर्थ होतो.

१०. इतिहास आणि ‘पीस स्टडीज’मधून राजकीय मतं लादतात का?

शाळेची भूमिका तटस्थ नाही, आणि शाळा तसा दावाही करत नाही. युद्धविरोध, समता, पर्यावरणाची राखण ही मूल्यं उघड आहेत. प्रश्न असा विचारा की वेगळं मत मांडणाऱ्या मुलाला वर्गात जागा आहे का. सैन्यात जाऊ इच्छिणारी मुलंही या शाळांत शिकतात, आणि त्यांच्याशिवाय अहिंसेवरची चर्चा पोकळ होते.

माझ्या दृष्टीने खरी कसोटी वेगळी आहे: शाळा क्वेकरांचा इतिहास कसा शिकवते? गौरवाचा भाग सोपा आहे. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या क्वेकर वार्षिक सभेने माणसांच्या खरेदी-विक्रीविरुद्ध पाऊल उचललं आणि १७७६ मध्ये गुलाम बाळगणाऱ्यांना सदस्यत्व नाकारलं. जॉन वूलमन यांच्यासारखी माणसं दारोदार जाऊन हे पटवत फिरली. पण त्याआधीची जवळजवळ शंभर वर्षं अनेक सधन क्वेकर गुलाम बाळगत होते. पेनसिल्व्हेनियाचे संस्थापक विल्यम पेन यांच्याकडेही गुलाम होते. एकोणिसाव्या शतकात क्वेकरांनी मूळ अमेरिकन मुलांसाठी निवासी शाळा चालवल्या, तिथे त्या मुलांची भाषा आणि चालीरीती पुसल्या गेल्या. ही पानं वाचायला देणारी शाळा मतं लादत नाही, असं मी खात्रीने म्हणते. भेटीच्या दिवशी इतिहासाच्या शिक्षकाला एवढंच विचारा.

लुक्रीशिया मॉट यांची गोष्ट मी दरवर्षी सांगते. न्यूयॉर्क राज्यातल्या नाइन पार्टनर्स या क्वेकर शाळेत त्या शिकल्या आणि तिथेच शिकवू लागल्या. शिक्षिकांना शिक्षकांच्या निम्म्याहून कमी पगार, हे त्यांना तिथे कळलं. पुढे १८४८ च्या सेनेका फॉल्स स्त्री-हक्क परिषदेच्या आयोजकांत त्या होत्या. १७९६ ची ती शाळा आज पकीप्सीमध्ये ओकवुड फ्रेंड्स स्कूल म्हणून सुरू आहे.

११. भांडी घासणं, शेतात काम करणं हे अभ्यासात कसं काय? आम्ही फी कशासाठी भरतो?

हा प्रश्न थोड्या रागाने येतो आणि मला तो समजतो. छोट्या क्वेकर निवासी शाळांमध्ये मुलं स्वयंपाकघर, सफाई, बाग, गोठा यांतली कामं वाटून घेतात. ओहायोतल्या बार्न्सव्हिलचं ओल्नी फ्रेंड्स (स्थापना १८३७) आणि आयोवातल्या वेस्ट ब्रँचजवळचं स्कॅटरगुड (१८९०) या शाळांची शेतं प्रसिद्ध आहेत. शेतावर जीवशास्त्र आणि मातीचं रसायन शिकवलं जातं, पण काम हे निव्वळ प्रयोगाचं निमित्त नसतं. आपण खातो-राहतो त्यामागचे श्रम दुसऱ्याच्या माथी मारायचे नाहीत, हा त्यातला धडा.

महाराष्ट्राला हे नवं नाही. गांधीजींच्या नई तालीममध्ये हाताचं काम शिक्षणाच्या मध्यभागी होतं, आणि वर्ध्याजवळ सेवाग्रामला त्या शिक्षणाचे शिक्षक घडवणाऱ्यांत मार्जरी साइक्स ही इंग्रज क्वेकर बाई होती. १९२८ मध्ये मद्रासला शिकवायला आलेली ही बाई शांतिनिकेतनमार्गे सेवाग्रामला पोहोचली. मध्य प्रदेशात होशंगाबादजवळ रसुलिया इथल्या क्वेकरांच्या फ्रेंड्स रूरल सेंटरने किशोर भारती या संस्थेसोबत १९७२ मध्ये सोळा शाळांतून प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. पुढे तो होशंगाबाद विज्ञान म्हणून देशभर माहीत झाला. तेव्हा मुलीच्या हातात फडकं दिसलं तर फी वाया गेली असं समजू नका.

१२. शाळेत मतदान होत नाही, मग निर्णय कसे होतात? मुलांना त्यात शिकवतात काय?

क्वेकर सभेत हात वर करून बहुमत मोजत नाहीत. सभा चालवणारा ‘क्लार्क’ सगळ्यांचं ऐकतो, सभेचा कल शब्दांत मांडतो, आणि कोणाची गंभीर हरकत असेल तर थांबतो. विद्यार्थी-सभांत मुलंच क्लार्क होतात. वेळ फार लागतो. पण सोळाव्या वर्षी पन्नास जणांचं म्हणणं ऐकून एक वाक्य लिहिणं, जे सगळ्यांना आपलं वाटेल, हे मी पाहिलेलं सर्वांत अवघड लेखन-कौशल्य आहे.

१३. सीनियर प्रोजेक्ट म्हणजे काय?

बारावीच्या विद्यार्थ्याने स्वतः निवडलेला दीर्घ अभ्यास किंवा काम: संशोधन निबंध, एखाद्या संस्थेत काही आठवडे, होडी बांधणं, माहितीपट. शेवटी सगळ्या शाळेसमोर मांडणी आणि प्रश्नोत्तरं. आजीच्या गावावर मौखिक इतिहास करू इच्छिणाऱ्या मराठी मुलांना माझा नेहमी आग्रह असतो की मुलाखती मराठीत घ्या, भाषांतर नंतर करा.

१४. घरी मराठी चांगली आहे. परभाषेचं क्रेडिट मिळेल का?

शाळेवर अवलंबून. छोट्या शाळेत सहसा स्पॅनिश आणि आणखी एखादीच भाषा असते. काही शाळा मान्यताप्राप्त भाषा-चाचणीवर क्रेडिट देतात किंवा भाषेची अट माफ करतात. माफी आणि क्रेडिट यांत फरक आहे: माफीने ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रकावर, काही दिसत नाही, आणि अनेक कॉलेजं दोन-तीन वर्षं परभाषा मागतात. नववीतच लेखी विचारा.

१५. भारतातून दहावी करून मूल थेट येऊ शकतं का? कुठल्या वर्गात बसेल?

येऊ शकतं, बहुधा अकरावीत किंवा पुन्हा दहावीत. विद्यार्थी व्हिसावर सरकारी हायस्कूलला बारा महिन्यांची मर्यादा आहे, खासगीला नाही; मात्र शाळेला आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र, देण्याची परवानगी असायला हवी.

गणिताच्या गोंधळाबद्दल आधी बोला. इथे बीजगणित १, भूमिती, बीजगणित २ हे एकामागून एक वर्षभराचे कोर्स असतात. राज्य मंडळाच्या दहावीत गणित भाग १ आणि भाग २ एकाच वर्षी समांतर चालतात. ट्रान्स्क्रिप्ट वाचणाऱ्याला हे माहीत नसतं आणि तो मुलाला एक पायरी खाली बसवतो. दोन्ही भागांचा पाठ्यक्रम इंग्रजीत सोबत द्या आणि प्लेसमेंट टेस्ट मागा.

१६. मुलाला डिस्लेक्सिया आहे, सरकारी शाळेत आयईपी (विशेष गरजेच्या मुलासाठी आखलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा) होता. तो इथे लागू होईल का?

आपोआप नाही. आयईपीचा हक्क सरकारी शाळेशी बांधलेला आहे. खासगी शाळेत, ज्या जिल्ह्यात ती शाळा आहे तिथला शिक्षण विभाग मर्यादित सेवा देऊ शकतो, पण जुना आराखडा जसाच्या तसा मिळत नाही. धार्मिक संस्थेच्या शाळांना अपंगत्वविषयक काही कायद्यांतून सूटही असते. म्हणजे मदत मुख्यतः शाळेच्या तयारीवर आणि तुमच्याशी झालेल्या करारावर अवलंबून आहे. छोट्या वर्गांचा अशा मुलांना खूप फायदा होतो, हे मी पाहिलं आहे. पण प्रशिक्षित शिक्षक नसेल तर प्रेमाने भागत नाही. वाचनाचा तज्ज्ञ कर्मचाऱ्यांत आहे की आठवड्यातून एकदा येतो, ते विचारा.

१७. मुलीला कॉलेजात स्पर्धात्मक पोहायचं आहे. अभ्यासक्रम आड येईल का?

येऊ शकतो. कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या डिव्हिजन १ (सर्वांत वरच्या गटा) साठी सोळा मान्य कोर्स लागतात, त्यांतले दहा बारावी सुरू होण्याआधी. शाळेचे कोर्स त्यांच्या यादीत मंजूर असावे लागतात. ‘अहिंसेचं साहित्य’ असं नाव असलेला उत्तम इंग्रजी कोर्स यादीत नसेल तर धरला जात नाही. ग्रेड न देणाऱ्या शाळेत हा प्रश्न नववीतच सोडवा.

१८. बारावीनंतर भारतात परतायचं आहे. हा डिप्लोमा चालतो का?

भारतीय विद्यापीठांसाठी असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, म्हणजे एआययू, हिची समकक्षता लागते. तिथे दोन गोष्टींचं वजन असतं: शाळेची मान्यता कोणत्या संस्थेची आहे, आणि विषय कोणते घेतले. नीटसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, अभियांत्रिकीसाठी गणित-भौतिक. अमेरिकेत ही तिन्ही विज्ञानं सहसा एकेक वर्ष शिकवतात, त्यामुळे अकरावी-बारावीत ती कोणत्या पातळीवर झाली असा प्रश्न निघू शकतो. अशा वेळी एपी उपयोगी पडू शकतात (प्रश्न ७). छोट्या शाळेत अकरावी-बारावीत तिन्ही विज्ञानं वरच्या पातळीवर मिळणं कठीण असतं. वैद्यकीय प्रवेशाचा निश्चय पक्का असेल तर मी स्वतः दुसरी शाळा सुचवते.

१९. छोटी शाळा मध्येच बंद पडली तर? दुसरीकडे क्रेडिट चालतील का?

भीती अनाठायी नाही. न्यू हॅम्पशायरमधल्या रिंजचं मीटिंग स्कूल १९५७ मध्ये सुरू झालं आणि २०११ मध्ये बंद झालं. कॅलिफोर्नियातलं जॉन वूलमन स्कूल १९६३ मध्ये उघडलं आणि त्याचं हायस्कूल २००१ मध्ये थांबलं. दोन्ही ठिकाणी शिक्षण वाईट होतं असं कोणी म्हणत नाही. मुलांची संख्या थोडी घटली तरी छोट्या शाळेचं अंदाजपत्रक कोलमडतं.

मान्यताप्राप्त शाळेचे क्रेडिट सहसा घेतले जातात. त्यासाठी प्रत्येक वर्षाअखेर अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट, कोर्सची वर्णनं आणि लेखी अहवाल घरी जपून ठेवा. फक्त अहवाल देणाऱ्या शाळेकडून ‘बदलीच्या वेळी ग्रेडमध्ये रूपांतर करून मिळेल’ असं आधीच लिहून घ्या.

२०. क्वेकर शाळेतून क्वेकर कॉलेजात सहज प्रवेश मिळतो का?

नाही. हॅवरफर्ड (१८३३), स्वार्थमोर (१८६४), अर्लम, गिलफर्ड या कॉलेजांची मुळं क्वेकर आहेत, पण शाळेच्या नावावर जागा मिळत नाही. हॅवरफर्ड-स्वार्थमोरला प्रवेश कमालीचा अवघड आहे.

२१. शाळा पाहायला गेल्यावर काय पाहावं?

मुलाला एक पूर्ण दिवस वर्गांत बसू द्या, आणि शक्यतो सभेच्या दिवशी जा. दुपारी मुलांच्या टेबलावर जेवा. गणिताची चार वर्षांची वाट मागा (प्रश्न ६), विद्यार्थ्याचं नाव झाकलेला एखादा लेखी अहवाल वाचायला मागा (प्रश्न ८). शिक्षक किती वर्षं टिकतात ते विचारा. आठ शिक्षकांच्या शाळेत एक भौतिकशास्त्राचा शिक्षक गेला की विषयच जातो. आणि वर्गात प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतो, ते घड्याळात पाहा.